मगर हातात असताना

१९९८ साल. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सीटा शिवायचं एक दुकान होतं, ते मी चालवायचो. अरबाब, म्हणजे मालक, तिथलाच. महिन्यातून एकदा यायचा, चहा प्यायचा, एखाद्या नव्या सीटेवर बसून मागे-पुढे हलून बघायचा आणि जायचा. बाकी सगळं माझ्या हातात. मी शिकलेला चौथी. सही मराठीत करतो. बँकेतली बाई एकदा म्हणाली, इंग्रजीत करा. मी म्हटलं, मग माझा पगार इंग्रजीत तुमच्याकडेच राहू दे. तेव्हापासून मराठी सही चालते.

हे एवढ्यासाठी सांगतो की माझा स्वभाव वाचणाऱ्याला आधीच कळावा. मी हट्टी आहे. माझी बायको हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगते आहे आणि मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची. आईच्या कडेवर बसून ती इकडे आली. शाळा इथली, कॉलेज इथलं, नोकरी दुबईत इन्शुरन्सच्या ऑफिसात. मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिने तिच्याच ऑफिसच्या बिल्डिंगमधला एक मुलगा पसंत केला आणि आईला सांगितलं. आईने मला चपात्या लाटता लाटता सांगितलं. माझी काही हरकत नव्हती. मुलगा निर्व्यसनी, इंजिनियर, नजर खाली ठेवून बोलणारा. जात विचारली नाही असं मी म्हणणार नाही. विचारली. थोडी इकडची तिकडची निघाली, मी सोडून दिली.

अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. पहिल्यांदा कोणी कोणाकडे जायचं?

आमच्या सांगलीकडे मुलाकडचे मुलीच्या घरी येतात. चहा होतो, पोहे होतात, मुलगी बघतात. मुलाच्या वडिलांचा फोन आला. माणूस पुण्याचा, दुबईत एका कंपनीत अकाउंटंट, बोलणं लोण्यासारखं आणि दर वाक्यात एक ‘ॲक्च्युअली’. म्हणाले, ॲक्च्युअली तुम्हीच सगळे या ना आमच्याकडे दुबईत करामाला, जागा मोठी आहे, खाली पार्किंगही मिळतं. मी म्हटलं, मुलगी घेऊन आम्ही कुणाच्या दारात जात नाही. ते म्हणाले, अहो, परदेशात आता कसली दारं घेऊन बसलात. मी म्हटलं, दार सगळीकडेच असतं. आणि फोन ठेवला.

माझ्या म्हणण्याला कारण होतं, पण ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

पुढे तीन महिने हेच. ते दोन-तीन आठवड्यांनी फोन करायचे, हवापाणी विचारायचे आणि जागा मोठी आहे म्हणायचे. मीही हवापाणी सांगायचो, पद्धत म्हणायचो आणि फोन ठेवायचो. बायको भांडली नाही. फक्त माझ्या ताटात रोज दुधी यायला लागला. एका संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली, पर्स खांद्यावरच, माझ्यासमोर उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, “बाबा, मला हाच मुलगा हवाय. तुमच्या दोघांच्या भांडणात हा गेला तर पुन्हा माझ्यासाठी कुणाला बघू नका. अँड आय मीन इट.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यानेच मी जरा हललो. हट्ट कुणाकडून आला हे मला दिसत होतं, आणि तो मोडत नाही हेही ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तिनेच तोड काढली. नॉट देअर हाऊस, नॉट आवर हाऊस, म्हणाली. तिची कॉलेजातली एक मैत्रीण होती, नुबियन. नुबिया म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. नाईल नदीच्या काठचा मुलूख, अर्धा इजिप्तमध्ये, अर्धा सुदानात. त्या मैत्रिणीच्या आजोबांनी शारजाला लागूनच असलेल्या अजमानच्या जुन्या वस्तीत आपल्या राहत्या घरातच म्युझियम मांडलं होतं. एका खोलीत त्यांच्या मुलखातल्या वस्तू, दुसऱ्या खोलीत जनावरं. तिकीट नाही, पाटी नाही. शुक्रवारी दुपारी दार उघडं असतं, कुणीही यावं. घरातलेच लोक दाखवतात आणि घरातलेच पुसून ठेवतात.

मी विचार केला. म्युझियम हे कुणाचंच घर नव्हे. निदान आमच्या दोघांपैकी कुणाचं नव्हे. हो म्हटलं. तिकडून पुण्याचा माणूसही हो म्हणाला.

एप्रिलातला शुक्रवार होता. जेवणं उरकून मी, बायको आणि मुलगी दुकानाच्या डबल केबिन पिकअपमधून निघालो. बायकोने नारायणपेठ नेसली होती. मुलीने पंजाबी ड्रेस घातला आणि आईने बळेच गजरा माळला. ती म्हणाली, मम्मी, इट्स अ म्युझियम. आई म्हणाली, गजऱ्याला चालतं.

गल्ली वाळूची, एका पिकअपपुरती. लांबून घर दिसलं आणि मी गाडी अलीकडच्या कोपऱ्यावर थांबवली. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. माझ्या मनात असं, की आधी आत जाऊन बसलो तर आपण वाट बघत बसल्यासारखं दिसेल. त्यांना आधी जाऊ द्यावं, मग आपण सावकाश पोचावं. एसी चालू ठेवून बसलो. मुलगी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. बराच वेळ गेला. गल्लीत एक मांजर आलं आणि गेलं.

मग त्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. उंच, काळाभोर, पांढरा झगा, पांढरी पगडी, हातात वेताची काठी. त्याने उजवीकडे बघितलं, तिकडे आमची पिकअप. डावीकडे बघितलं, तिकडे कोपऱ्याआड एक पांढरी कोरोला, तीही इंजिन चालू ठेवून. मला ती तोवर दिसलीच नव्हती. म्हातारा गल्लीच्या मधोमध उभा राहिला, एक हात आमच्याकडे केला, एक त्यांच्याकडे, आणि दोन्ही हातांनी एकदमच आत बोलावलं. ट्रॅफिक पोलीस करतो तसं.

“यल्ला,” तो ओरडला, “पेट्रोल फुकट का जाळताय?” हे त्याने हिंदीतच म्हटलं. तीसेक वर्षं इकडे काढलेल्या माणसाला हिंदी येतंच, कसंही का होईना.

दोन्ही गाड्या एकाच वेळी पुढे सरकल्या आणि दाराशी तोंडाला तोंड लागून उभ्या राहिल्या. पुण्याचा माणूस उतरला. बारीक अंगाचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. नमस्कार केला, मीही केला. मुलगा उतरला. मुलाची आई मात्र गाडीतच बसून राहिली. आम्ही सगळे उन्हात उभे, माझी बायको हातात पेढ्यांचा डबा धरून, आणि बाई आतून नुसत्या हसतात. मला वाटलं, हिला वाटतंय आम्ही जाऊन दार उघडावं. मी तिकडे पाठ केली. मुलाने जाऊन हात दिला, मग त्या उतरल्या, दाराला धरून, हळूहळू. मी मनात म्हटलं, राणीसाहेब.

घराच्या दारावर, चौकटीच्या वर, एक सुकवलेली मगर टांगलेली होती. माणसाएवढी लांब, जबडा उघडा. आपण लिंबू-मिरची बांधतो तसं त्यांच्याकडे हे बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. मी थांबून बघितलं, कारण पोटाची शिवण उसवली होती आणि आतला भुसा दिसत होता. म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, हिची शिवण नदीकाठी झाली, माझ्या वडिलांच्या हातची, तिला मी सुई लावू देत नाही. मला तो माणूस तिथेच पटला.

आत अंगण. अंगणात मोठे मातीचे रांजण, त्यांच्या बुडातून पाणी झिरपून खाली ताटलीत थेंब पडतायत. रांजणावर झाकण, झाकणावर पत्र्याचा पेला. एका बाजूला भांड्यात लाल सरबत, अंबाडीच्या फुलासारख्या कसल्या फुलांचं. म्हाताऱ्याची बायको बाहेर आली, तिच्या हाताला खालपासून कोपरापर्यंत मेंदी. तिने सगळ्या बायकांना कवेत घेतलं, विशेषतः मुलाच्या आईला, आणि लगेच आतल्या खोलीत नेलं.

ती खोली वस्तूंची. मी दारातून डोकावलो. भिंतीत गिलाव्यातच चिनी मातीच्या बशा बसवलेल्या, निळ्या, हिरव्या. छताला टोपल्या लोंबत होत्या, खजुराच्या पानांच्या, रंगीत, झाकणासकट. एका बाजूला दोरीने विणलेली बुटकी बाज, तिला ते अंगरेब म्हणतात, तिच्यावर लाल चटई. नवी नवरी आली की अशा खोलीत बसवतात, म्हातारीने सांगितलं. मुलीची ती मैत्रीणही तिथेच होती, तिने ते इंग्रजीत केलं आणि माझ्या मुलीने मराठीत करायचं टाळलं. मुलाची आई सरळ त्या बाजेवर जाऊन बसली. नवरीच्या जागेवर. मी पुन्हा मनात म्हटलं, वा.

म्हाताऱ्याने आम्हा बाप्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे जनावरं. काही इकडची, काही नदीकडची. तो पूर्वी एका शेखाच्या बागेत हरणं राखायचा. मेलेल्या हरणाची शिंगं, वाळवंटातल्या कोल्ह्याचं कातडं, काचेच्या बरणीत साप, एक ससाणा पेंढा भरलेला. घोरपडीसारखा एक मोठा सरडा जिवंतच, खोक्यात वाळूवर पडलेला. पुण्याचा माणूस हात मागे बांधून प्रत्येक गोष्टीसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, इंटरेस्टिंग. मुलगा आमच्या मागे मागे. थोड्या वेळाने मागे बघितलं तर मुलगा नव्हता. टोपल्यांच्या खोलीतून माझ्या मुलीचं हसणं ऐकू आलं.

आम्ही पुन्हा अंगणात आलो. भिंतीलगत सिमेंटची टाकी, तिच्यावर लोखंडी जाळीचं झाकण, त्याला कुलूप. गल्लीतली पोरं हात घालतात म्हणून. म्हाताऱ्याने कुलूप काढलं, हात घातला आणि मगरीचं पिल्लू बाहेर काढलं. पिल्लू म्हणजे माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, वर शेपूट वेगळी. तोंड बांधलेलं नाही. दात सगळे होते.

तो म्हणाला, आमच्या घराचा एक रिवाज आहे. जो पाहुणा येतो त्याला ते पिल्लू हातात धरायला देतात. नदीकडच्या गावांत पाहुण्यांना असंच देतात. नको म्हटलं तरी राग नाही. त्याने ते आधी पुण्याच्या माणसापुढे धरलं. पुण्याचा माणूस दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, ॲक्च्युअली नको.

आता मी काय म्हणणार? दोन्ही हात पुढे केले.

म्हाताऱ्याने दाखवलं तसं धरलं. एक पंजा मानेमागे, एक शेपटीच्या मुळाशी. ढिलं सोडायचं नाही, आवळायचंही नाही. मला वाटलं होतं खरखरीत असेल. पाठ होती तशी, पण पोट असं मऊ आणि थंड, की मी आयुष्यात इतकं चांगलं चामडं हातात घेतलेलं नाही. आणि त्या चामड्याच्या आत श्वास चालू होता. तो मला तळहाताला कळत होता.

एवढ्यात शेजारच्या मशिदीतून बांग झाली. म्हाताऱ्याने सवयीने जाळी खाली टाकली, कुलूप लावलं, किल्ली झग्याच्या खिशात टाकली. मला म्हणाला, “पकडो. नमाज पढके आता.” आणि काठी टेकत दारातून गेला.

मुद्दाम गेला असेल का, असं माझी बायको अजून विचारते. मला वाटतं नाही. वेळ नमाजाचीच होती.

तर आता अंगणात आम्ही दोघंच. मी मगर धरून उभा, पुण्याचा माणूस रांजणाजवळ. पिल्लू खाली ठेवावं तर ते सरळ बायकांच्या खोलीत शिरणार, दाराला तिथे नुसता पडदा. टाकीला कुलूप. म्हातारीला हाक मारावी, असं पुण्याचा माणूस म्हणाला. मी म्हटलं, बायकांना कशाला त्रास. खरं म्हणजे मला एकट्याला धरता येत नाही असं दिसायला नको होतं. आणि येत होतं की. फक्त किती वेळ, ते माहीत नव्हतं.

पहिल्यांदा खांदे भरले. मग मनगटं. पिल्लाने एकदा शेपूट झटकली, तेव्हा माझ्या कपाळावर घाम आला. तो भुवईतून उतरून डोळ्यात गेला. पुसायला हात नाही.

पुण्याचा माणूस बघत होता. म्हणाला, “पाणी देऊ?”

“नको.”

जरा वेळाने पुन्हा म्हणाला, “घाम आलाय तुम्हाला.”

“एप्रिल आहे.”

मग त्याने विचारायचं सोडलं. खिशातून घडी केलेला रुमाल काढला. मगरीच्या तोंडाकडून न येता शेपटीकडून, भिंतीला घासत, तिरका तिरका जवळ आला, हात लांब केला आणि माझं कपाळ पुसलं, डोळे पुसले. असं कुणी माझं तोंड मी लहान असताना पुसलं असेल.  मग त्याने रांजणातून पेला भरला आणि माझ्या तोंडाला लावला. निम्मं पाणी माझ्या गळ्यात गेलं, निम्मं शर्टात. त्याचं सगळं लक्ष पिल्लाच्या जबड्याकडे होतं. मी तो पेला सगळा प्यालो.

पेला परत ठेवून तो तिथेच उभा राहिला. लांब गेला नाही.

“एक सांगू का?” तो म्हणाला. “मिसेसचे गुडघे गेलेत. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही असं मुलगा म्हणाला. चार जिने तिला आता होत नाहीत. तिनेच मला बजावलंय, बोलायचं नाही. लोक म्हणतात ना, सून कसली आणतायत, नर्स आणतायत.”

या वेळी ‘ॲक्च्युअली’ नव्हतं.

मी त्याच्याकडे बघितलं. गाडीतून न उतरणारी बाई, दाराला धरून उतरणारी बाई, दिसेल त्या बाजेवर बसणारी बाई, सगळी एका ओळीत लागली.

“मग तीन महिने ते जागा मोठी, पार्किंग, हे काय लावलं होतंत?” मी विचारलं.

“दुसरं काय सांगणार?” तो म्हणाला. “तुम्ही तर फोनच ठेवत होता.”

हे खरं होतं. आणि माझे दोन्ही हात अडकलेले, मला तिथून कुठे जाताही येत नव्हतं. नाहीतर मी बोललो नसतो. मी त्याला माझं सांगितलं. माझी थोरली बहीण. बाप नव्हता, मामा तिला दाखवायला न्यायचा, मुलाकडचे आले की होणारा खर्च परवडत नाही म्हणून आपणच त्यांच्या गावाला. एसटीने जायचं, कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं. मी बरोबर असायचो, धाकटा भाऊ म्हणून. एका गावात आम्हाला दुपारभर ओट्यावर बसवलं आणि आतून निरोप आला की मुलाचं दुसरीकडे ठरलंय. पाणी कुणी विचारलं नाही. येताना एसटीत बहीण खिडकीबाहेर बघत बसली होती. पुढे तिचं लग्न झालं, चांगलं झालं, तिला ते सगळं आठवतही नसेल. मला आठवतं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीला घेऊन मी कुणाच्या दारात जाणार नाही.

 पुण्याच्या माणसाने चष्मा काढून पुसला, परत घातला. मग रांजणाकडे गेला, पेला पुन्हा भरला आणि पुन्हा माझ्या तोंडाशी आणला. मला तहान नव्हती. तरी मी प्यालो.

“मग आता कसं करायचं?” त्याने विचारलं. “तिला वर चढता येत नाही आणि तुम्ही आमच्याकडे येणार नाही.”

“बघू,” मी म्हटलं. 

तेवढ्यात म्हातारा आला. आम्ही दोघं इतके जवळ उभे आहोत हे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने सावकाश चप्पल काढली, किल्ली काढली, जाळी उघडली, माझ्या हातातून पिल्लू घेऊन पाण्यात सोडलं. माझी बोटं सरळ होईनात. तो म्हणाला, माझ्या जावयानेही इतका वेळ धरलं नव्हतं, तो तर बोंबलला होता. पुण्याचा माणूस मोठ्याने हसला. असा हसणारा तो असेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही टोपल्यांच्या खोलीत गेलो. तिथे वेगळीच गत. मुलाच्या आईला उठायचं होतं आणि बुटक्या बाजेवरून उठता येत नव्हतं. एका बाजूने म्हातारी, एका बाजूने माझी मुलगी, असं दोघींनी तिला धरलेलं. गुडघ्यांचं सगळं बाहेर आलेलं दिसत होतं, कारण माझी बायको कुठल्या तेलाने मालीश करावी ते सांगत होती आणि माझी मुलगी त्यांना इंग्रजीत दटावत होती, आँटी, यू शुड हॅव टोल्ड मी. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही होतं. मुलगा भिंतीला टेकून उभा. पेढ्यांचा डबा उघडून निम्मा संपलेला. बायकांनी आम्हाला विचारल्याशिवाय काय काय ठरवलं होतं ते देवाला माहीत.

म्हाताऱ्याने बाजेच्या लाकडावर हात मारला. म्हणाला, ही बाज मजबूत आहे, भिऊ नका. मग सांगितलं, धरणाचं पाणी येणार म्हणून त्यांचं गाव उठलं तेव्हा त्याच्या आईचे पाय चालत नव्हते. या बाजेवर बसवून चार भावांनी तिला घरापासून होडीपर्यंत नेलं. ती वाटभर ओरडत होती, मला नीट धरा, मी काय धान्याचं पोतं आहे का. एवढं सांगून तो हसला आणि भिंतीतल्या बशांकडे वळला. एकेक बशी कुठल्या घरातली ते नातीला सांगायला लावू लागला.

मी बशा बघितल्या नाहीत. बाजेचे पाय बघत राहिलो, आणि आडवे दांडे.

मग पुण्याच्या माणसाला म्हटलं, “पुढच्या शुक्रवारी तुम्ही सगळे आमच्याकडे. वहिनींना एक पायरी चढावी लागणार नाही.”

“लिफ्ट बसवताय का?”

“ते माझ्याकडे लागलं.”

बाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “मला उचलून नेणार? अहो, बिल्डिंगमधले लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील? आम्ही सांगू, आमच्यात विहीणबाईंना पालखीतून नेतात.”

विहीणबाई हा शब्द माझ्या तोंडातून गेला. मुलगी माझ्याकडे बघत होती. गजरा सुटून खांद्यावर आला होता.  पुण्याच्या माणसाने डब्यातला एक पेढा उचलला आणि माझ्या तोंडात घातला, कारण माझी बोटं अजून वळलेलीच होती. म्हातारीला कुणी न सांगता कळलं. तिने जिभेने लुलुलु असा लांब आवाज काढला. त्यांच्याकडे आनंद झाला की असा काढतात. अंगणातलं कबूतर उडालं.

निघताना म्हातारा दारावरच्या मगरीखाली उभा राहिला. मी त्याचा हात हातात घेतला, म्हटलं, तुमची मगर चांगली आहे. तो म्हणाला, इन्शाल्ला मोठी होईल, मग कुणाला धरायला देणार नाही. परतताना शारजात रोलाच्या सिग्नलला मला गियर बदलता येईना, मुलीने मागून हात घालून बदलला. घरी त्या रात्री दुधी नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी कामगारांच्या आधी मी दुकान उघडलं. मागच्या बाजूला एका जुन्या लँड क्रूझरची पुढची सीट पडली होती, गाडी भंगारात गेलेली पण सीटेचा सांगाडा ठणठणीत. तिच्या खालच्या पट्ट्या काढल्या. दोन्ही अंगांना लोखंडी पाइप बोल्टने बसवले. पाइप आधी लांब ठेवले होते, मग आमच्या जिन्याची वळणं आठवली आणि दोन्ही टोकांनी कापले, टोकांना रबर चढवलं. बसायच्या जागी नवा जाड फोम घातला, गुडघ्याखाली आधाराला वेगळी गादी केली, वर मरून रंगाचं रेक्झिन ताणून शिवलं. छातीला पट्टा. हात ठेवायला दोन दांडे, त्यांनाही फोम. अरबाबच्या गाडीचं काम अर्धवट पडलं होतं, ते तसंच राहिलं.

दोन कामगार आले, एक केरळचा, एक पेशावरचा. त्यांना काही सांगितलं नाही. खुर्ची पिकअपमध्ये टाकली, त्यांना बसवलं आणि आमच्या बिल्डिंगपाशी आणलं. खाली उतरवून मी स्वतः खुर्चीत बसलो, पट्टा लावला आणि म्हटलं, उचला. माझं वजन विहीणबाईंपेक्षा जास्तच होतं, तेव्हा हिशेब बरोबर होता. पहिल्या वळणावर पाइप भिंतीला घासला, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि परत लावलं. चौथ्या मजल्यावर बायकोने दार उघडलं, हातात लाटणं. तिने मला बघितलं, त्या दोघांना बघितलं, आणि आत पाणी आणायला गेली. दोघं धापा टाकत होते. त्यांनी पाणी प्यायलं. त्यांना वाटलं मी आता उतरेन. मी म्हटलं, यल्ला, आता खाली न्या, उतरतानाही बघायला पाहिजे.